शेपूट

एकतीस सायकली, पाच दिवस,
आणि माझ्या पाठीवर पिवळा बिल्ला: शेवटचा.
म्हणजे माझ्या मागे कोणी राहायचं नाही.
कोणी राहिलंच, तर थांबून त्याला पुढे घालायचं.
एस्टीच्या डेपोत छत्तीस वर्षं ब्रेक बांधले,
हे काम दुसऱ्या कोणाला मिळणार होतं?

किलोमीटरमागे दहा रुपये.
कणकवलीचा सोनार देतो, मच्छी सोसायटी देते,
मुंबईचे भाचे देतात आणि पावती मागतात.
एका निनावी पाकिटात
पाचशेची नोट निघाली, सोबत
सुरंगीचा सुकलेला वळेसर.
जमतील त्या पैशांत एक यंत्र यायचंय,
रक्त धुणारं.

वेंगुर्ल्याहून निघालो तेव्हा समुद्र डावीकडे होता.
खाडी आली की उतार, पूल, परत चढ,
परत खाडी.
इथे सपाट म्हणावा तर फक्त सडा,
आणि सड्यावर वारा असा की
उभी सायकल चालायला लागावी, तीही उलटी.
फर्नांडिस मास्तर चढावर एकोणतीसचा पाढा म्हणतात,
एकोणतीस साते दोनशे तीनला
दरवेळी दम संपतो.

तिसऱ्या दिवशी देवगड सोडून
समुद्राकडे पाठ केली.
वैभववाडीच्या पुढे करूळचा घाट
आभाळाला टेकून ठेवलेल्या शिडीसारखा.
सगळे गेले. राहिलो मी आणि प्रणाली घाडीगावकर,
शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी,
सगळ्यात छोट्या गिअरवर
पाय जात्यासारखा फिरवत.
"काका, तुम्ही व्हा पुढे."
"पुढे गेलो तर बिल्ला खोटा ठरेल, बाय."
मग बराच वेळ नुसता साखळीचा आवाज.

एका वळणावर फाटक्या ताडपत्रीखाली
कोकमाच्या बाटल्या मांडून बसलेली बाई.
"खंयसून इलात?"
"वेंगुर्ल्यासून."
"आणि ह्या कित्याक?"
प्रणालीने सांगितलं, किलोमीटरचे दहा.
बाई हसली. पदराने ग्लास पुसत म्हणाली,
"माजो घोव आठवड्यात दोनदा ह्योच घाट चडता,
येष्टीन.
तेका कोण दीना नाय किलोमीटराचे धा."

आम्ही पीत होतो.
ग्लास भरलेले होते, काठोकाठ.

कोल्हापूरची गाडी उतरत आली, थांबली.
(पुढचे लायनर गेलेत, कानाला कळलं.)
तो उतरला, डाव्या कोपराला पांढरी पट्टी,
चाल अशी की रस्ता ओला आहे.
तिने त्याला झाकणाने मोजून
अर्धी वाटी पाणी दिलं.
ते त्याने तोंडात धरून ठेवलं,
गिळायची घाई नसलेल्या माणसासारखं.
मी माझा ग्लास कुठे ठेवावा
मला कळेना.

मग तो प्रणालीच्या सायकलीपाशी वाकला,
उजव्या अंगठ्याने मागचं चाक दाबलं.
"हवा कमी आसा. म्हणान जड जाता."
खरंच कमी होती.
तीन दिवस मी तिच्या मागेच होतो.

गगनबावड्याला सगळे वाट पाहत होते, केळी संपवून.
भुईबावड्याच्या उतारावर ब्रेक तापले,
रबराचा तो जळका वास,
मला माझा डेपो आठवला, खड्डा, हातबत्ती,
आणि रोज तपासून सोडलेल्या गाड्यांतून
कोण कोण कुठे जात होतं
हे कधी विचारलं नव्हतं, तेही.

खारेपाटणला रेश्मा काझीच्या मावशीकडे
घावणे आणि तिखट कालवण.
जेवणानंतर वही फिरली, नाव आणि अंतर.
प्रणालीने आपल्या नावाखाली एक ओळ वाढवली:
बाबू झोरे. करूळ ते कोल्हापूर आणि परत,
एकशे तीस. आठवड्यातून दोनदा.

हिशेबनीस चष्म्यावरून बघत म्हणाले,
"हा कोण? आपल्यात एकतीसच आहेत."
"बत्तीस," मी म्हटलं. "हा माझ्या मागे आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
परत काढलं.