तळाशी

सप्टेंबर सरला की खत बंद.
एवढंच मला माहीत होतं.
बाकीचं सगळं व्हर्लिनच्या हातांना ठाऊक,
आणि त्याचा उजवा हात जुलैपासून
मांडीवर पडून असतो,
कुणी सांभाळायला देऊन गेलेल्या वस्तूसारखा.

म्हणून या वर्षी रबरी विजार मी चढवली,
काखेपर्यंत येणारी, त्याच्या मापाची.
बुटांत जुने मोजे कोंबले.
तो काठाला खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट.
शेजारची मार्लिस त्याच्या टोपीचे कान खाली ओढून गेली.
ते त्याला आवडलं नाही; कपाळावर दिसलंच.

पाणी कमरेला लागलं तेव्हा
माझ्या तोंडून जे निघालं
ते चर्चमधल्या बायकांनी कधी ऐकलेलं नाही.
तो हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसला.

पिवळी पानं देठासकट कापायची,
कंदाजवळ चार बोटं सोडून.
पाण्याखाली कात्री चालवणं म्हणजे
अंधारात दाढी करणं.
एक कळी सापडली, उशिराची,
ऑगस्टात यायची राहून गेलेली,
आत थोडा गुलाबी दिसणारा गच्च गड्डा.
मी त्याच्याकडे पाहिलं.
त्यानं डाव्या हाताची दोन बोटं मिटली.
कापली.

मग पाच कुंड्या, वरच्या पायरीवरून
मधल्या खड्ड्यात, साडेतीन फूट खाली.
बर्फ इथं दोन फूट धरतो, फार तर अडीच,
त्याच्या खाली पाणी पाणीच राहतं:
हे तो दर वर्षी सांगायचा
आणि मी दर वर्षी ताटल्या पुसत
हं हं म्हणायचे.
चिखलानं भरलेली कुंडी
झोपलेल्या पोरासारखी, असते त्याहून जड.
तिसरी हातातून निसटली. सरळच बसली असेल,
असं धरून चालले.

नोव्हेंबरात झाकण लागलं.

दर मंगळवारी बेमिजीहून ब्रिन येते,
टेबलावर चित्रं मांडते: कप, घर, कुत्रा.
तो म्हणतो, ऊ.
कपालाही ऊ, कुत्र्यालाही ऊ.
ती म्हणते, छान.
मी खिडकीतून बर्फातलं ते भोक बघत बसते,
गुरांच्या हौदात टाकतात तसल्या हीटरनं राखलेलं,
ताटलीएवढं काळं पाणी,
माशांना श्वास घ्यायला.

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
सकाळी भोक नव्हतं.
मी हातोडी घेऊन निघाले,
तर मागून काचेवर चमचा,
टण टण टण टण,
काच फुटते की काय असा.
तोंड वेडंवाकडं, डोळे हातोडीवर.
तेव्हा आठवलं. वर घाव घातला की
खाली माशांच्या कानठळ्या बसतात.
मग केटल. उकळतं पाणी, पातेलं बर्फावर टेकवून,
पुन्हा केटल, पुन्हा पातेलं.
दीड तास लागला. माझ्या भुवया गोठल्या.
तो तेवढा वेळ खिडकीतच होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ सुटला.
विजार चढवली. बूट अजूनही मोठेच.
पहिली कुंडी वर: अंगठ्यानं दाबून पाहिलं,
रताळ्यासारखा कडक.
दुसरी तशीच. चौथीला तर
लालसर कोंब, उंदराच्या कानाएवढा.
पाचवी ठीक.
तिसरी आडवीच पडली होती सगळा हिवाळा,
माती सांडलेली,
आणि बोट घातलं तर आत शिरलं, लोण्यात शिरावं तसं.
वास आला. कसला म्हणून सांगू,
विसरलेल्या डब्याचा.

मी पुटपुटत राहिले: एखादा तुकडा निघेल,
सुरी आणते, कापून बघू,
माझ्याच हातून पडली होती ना.

"फेक."

स्पष्ट. फ सुद्धा नीट.
नऊ महिन्यांतला पहिला शब्द,
माझं नाव नाही, देवाचं नाही,
ब्रिनच्या चित्रांतला तर नाहीच.

मी पायरीवर बसले, हसता हसता विजारीत पाणी शिरलं,
बर्फाचंच पाणी ते, तरी उठवेना.
तो रागानं बघतोय,
डावा हात कचऱ्याच्या ढिगाकडे रोखून,
एवढं सोपं काम या बाईला
दोनदा का सांगावं लागतं.