एकच किल्ली

अकरा वर्षं झाली मला या काउंटरमागे.
किल्ल्या कापते, रंग ढवळून देते,
अंगणात मगर दिसली तर फोन कुणाला करायचा ते सांगते.
आणि एक गोष्ट सहसा सांगत नाही:
या वसाहतीतल्या गोल्फ कार्ट
बहुतेक सगळ्या एकाच किल्लीनं सुरू होतात.
कारखान्यानं दाते पाडले ते एकदाच.
माझ्या डब्यात साठेक पडल्यात, साडेचार डॉलरला एक.

जानेवारीत सायप्रस लेनवरून दोन गाड्या गेल्या.
एक तळ्यात सापडली, छत तेवढं वर,
छतावर बगळा.
दुसरी सापडलीच नाही.
सकाळी मी शटर वर करते तर
डेल्मर टॅडलॉक दारात, सपाता उलटसुलट पायात.
म्हणाला, दे. जे काय असेल ते दे.

दिलं.
चाक जखडायचा पिवळा चिमटा,
स्टिअरिंगपासून पेडलपर्यंत अडकवायची दांडी,
आठ फूट साखळी, कापडी नळीतली, रंग खरवडू नये म्हणून.
सीटखाली चिकटवायचा बटणाएवढा ट्रॅकर.
तो फोनमध्ये कसा बघायचा ते तीनदा दाखवलं,
तिन्ही वेळा नकाशातल्या ठिपक्याकडे बघून
"अरे, इथंच तर आहे की!" म्हणत तो हसला.
बॅटरीची तार रात्री काढून ठेव, म्हटलं.
तो ती उशाखाली ठेवायला लागला.
किल्लीचं मात्र बोलले नाही.
साखळी महाग असते, किल्ली स्वस्त.

त्याच आठवड्यात युजीन कोवाल्चिक.
मूळचा बफेलोचा, फ्लोरिडात येऊनही
जाड कोट अजून खुंटीला.
त्यानंही तेच सगळं घेतलं, वर एक भुंकणारी पेटी:
काही हललं की आत नसलेला कुत्रा भुंकतो.
तो रात्रभर सारस पक्ष्यांवर भुंकला,
आणि शेजारीण तक्रार घेऊन आली ती माझ्याकडे.

असे दोन महिने.
बिस्किटी रंगाच्या दोन गाड्या,
मारक्या बैलांसारख्या बांधून घातलेल्या.

मार्चमध्ये डेल्मरचं चाक पंक्चर झालं.
मी टायरचा नंबर वाचायला वाकले,
तर सीटखालच्या पत्र्यावर, मार्करनं, पुसट:
कोवाल्चिक, ११८.

आम्ही दोघंही ते वाचत राहिलो.
"चर्चचं मासळीचं जेवण," तो शेवटी म्हणाला,
"नाताळच्या आधीचं. अंधार होता. किल्ली लागली ना."

लागणारच.

म्हणजे इतके दिवस
हा चोरीच्या मालावर पहारा देत होता,
आणि याचा माल ११८ मध्ये, कुत्र्याच्या भरवशावर.

फोन केला. युजीन दहा मिनिटांत आला,
डेल्मरच्या गाडीतून, खो खो हसत.
काउंटरवर त्यांनी कुलपांच्या किल्ल्या बदलल्या.
गाडीच्या किल्ल्या तशाच ठेवल्या. बदलून काय?

मग युजीननं पुढच्या कप्प्यात हात घातला.
पीच रंगाचा रुमाल, डोक्याला बांधायचा.
"सगळं घर उलथंपालथं केलं मी," म्हणाला, "लोरेनचा.
शेवटी शेवटी तिला वारा सोसायचा नाही."
नाकाशी नेला.
थांबला.

"धुतलाय," डेल्मर म्हणाला, आधी तर कौतुकानंच.
"म्हटलं कुणा बाईचा राहिलाय, मळलाय.
कोमट पाण्यात, हातानं. इस्त्रीसुद्धा केली."

युजीननं घडी मोडली.
परत घातली, तशी जमली नाही.
"छान केलंस," म्हणाला.

बाहेर तळ्यावरचा पंप चालू झाला.
पंक्चरचे पैसे कुणाकडून घेऊ, मी विचारलं,
आणि दोघांनीही
एकदमच खिशात हात घातला.