दोन हजार फेऱ्यांवर

इथे कॅमशाफ्टला झाड म्हणतात.
पोलादाचा एक दांडा, त्यावर बारा फुगवटे;
एकेक फुगवटा एकेका व्हॉल्व्हला सांगतो
केव्हा उघडायचं, किती, आणि कुठवर धीर धरायचा.

आसूलच्या रेल्वे फाटकामागे एवारिस्तो गोन्यी
ही झाडं घासून देतो,
सहाणेवर खोड उगाळावं तसं,
पाणी सोडत, कान देत.
मी आत शिरले ती बोलतच:
तीनशे अंशांचं पाहिजे.
माझी फाल्कन एकाहत्तरची, सहा सिलिंडर,
आणि महिन्यातून एका शनिवारी
जुन्या धावपट्टीवर आमची शर्यत असते.
मला ती उभ्या उभ्या धापा टाकताना हवी आहे,
दावं तोडू बघणाऱ्या घोड्यासारखी,
चौकातल्या पोरांच्या हातात आइस्क्रीम वितळावं अशी.

एवारिस्तोने हात पुसले.
राहतेस कुठे?
मी गावाचं नाव सांगितलं.
तसं नाही. काट्यावर. किती फेऱ्यांवर राहतेस?

सहा हजार, मी म्हणाले.
जरा जास्तच पटकन,
वय चोरणारी बाई सांगते तसं.

त्याने एक वही दिली. आठवडाभर लिहून आण.

लिहिलं नाउएलने. नऊ वर्षांचा आहे,
शेजारच्या सीटवर, दर दहा मिनिटांनी, जीभ बाहेर काढून.
मी गोठ्यागोठ्यांतून दुधाचे नमुने गोळा करते,
मागे बर्फाच्या पेटीत बाटल्या.
सोमवार: अठराशे. बावीसशे. अठराशे.
मंगळवार: गाय आडवी, आठशे.
बुधवार: चिखल, सोळाशे, चिखल, सोळाशे.
शुक्रवार: एकतीसशे, आई रागात.
शनिवार रात्र: पाच हजार नऊशे,
पुढे अक्षर लागत नाही,
आणि कंसात: अकरा सेकंद.

पेट्रोल पंपावर उभी राहून मी ते वाचलं.
पुन्हा वाचलं.
पंपावरचा माणूस म्हणाला, बाई, टाकी भरली.

एवारिस्तो वही बघून हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, तीनशेत दोन्ही दारं फार वेळ उघडी राहतात,
जाणारा श्वास आणि येणारा श्वास उंबऱ्यावर भेटतात.
वर, सहा हजारांत, जाणारा येणाऱ्याला हात धरून आत ओढतो.
खाली नुसते
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही.
शिवाय तीनशेवर तुझी गाडी
फाटकाशी थांबल्या थांबल्या दुधाचं लोणी काढील.

दोनशे ऐंशी? मी विचारलं.
त्याने मान हलवली.
बहात्तर?
घासायचं त्याने, आणि घासाघीस माझी.
दोनशे चौसष्ट, तो म्हणाला,
आणि खडूने लिहून मोकळा झाला.

फळीवरचं तीनशेचं मी तेवढ्यात हातात घेऊन पाहिलं.
तेलकट कागदात गुंडाळलेलं, जड, थंड.
कागदावर नावं होती. तीन. तिन्ही खोडलेली.
मी ते जागेवर ठेवलं.

नवं झाड बसलं की पहिली वीस मिनिटं
इंजिनाला मंदावू द्यायचं नसतं.
फुगवटे आणि टॅपेट एकमेकांना ओळखेपर्यंत
काटा दोन हजारांवर, त्याखाली नाही.
शेडचं दार उघडं, बाहेर सपाट अंधार,
कुठेतरी टिटवी.
नाउएलच्या एका हातात रेडिएटरसाठी पाण्याची नळी,
दुसऱ्यात वही.
मी पाय धरून बसले.
आवाज गोल होता, भरलेला,
चौकात कुणी मान वळवणार नाही असा.
माझ्याच पत्त्यावर मी पहिल्यांदा
दारं-खिडक्या लावून वीस मिनिटं बसले होते.

सोळाव्या मिनिटाला पाय जरासा दाबला गेला.
आई, तेवीसशे! नाउएल ओरडला.
असू दे, मी म्हणाले.
लिहू नकोस.