कौल

हुकूम मंगळवारी आला. खानापुरात मंगळवारी
भट्टी पेटवत नाहीत, म्हणून ऐकायला सगळे मोकळे.
नऊ घाटांच्या साम्राज्यात यापुढं
विद्या फक्त मानकऱ्यांची नाही.
मलप्रभेच्या काठी, बंद पडलेल्या थोरल्या भट्टीत
विद्यापीठ उघडेल. येईल त्यानं यावं.
फी एकच शब्द,
राजधानीच्या कोशात नसलेला.

दवंडीवाला दोन्ही भाषांत ओरडला.
आमच्या गल्लीचं म्हणणं, कन्नडमध्ये जरा जास्त जोरात.
पलीकडच्या गल्लीचं म्हणणं, मराठीत.

निपाणीहून गौरव्वा आली, वखारीतनं तशीच,
पदराला तंबाखूचा वास. तिचा शब्द भुरंग:
येते येते म्हणताना अडून बसलेली शिंक.
वडगावच्या कोष्ट्यानं मागमुका दिला,
माग बंद केल्यावरही कानात चालू राहतो तो.
एका म्हाताऱ्यानं, हुक्केरीकडचा असावा, शिवी दिली.
कारकुनानं कोश चाळला. नव्हती.
घेतला त्याला आत.

माझा शब्द बोटवळ.
ओलं कौल उचलताना उचलणाऱ्याचं बोट रुततं
आणि भट्टीतनं तसंच पक्कं होऊन येतं, ते.
"मराठी की कन्नड? कुठल्या रकान्यात घालू?"
मी म्हटलं, मातीच्या घाला.
तो रकाना नव्हता.
त्यानं पट्टी घेतली आणि आखला.

भट्टीच्या भिंती हाच फळा. काजळीवर खडू
दिव्यासारखा उठायचा. टेकून बसायची चोरी,
पाठीवर धडा उमटे.
निंगाप्पाच्या सदऱ्यावर अख्खी बाराखडी घरी जायची,
त्याची बायको धुण्याआधी वाचून घ्यायची.
परीक्षेत ती पहिली आली, न येता.

आता घरचं सांगते.
चार पिढ्या आम्ही साम्राज्याचे कौल भाजले,
कौलांवर कोरलेले. तडा गेलेला राजधानी घेत नसे,
तो मजुरीत मिळायचा.
त्यांचंच आमचं छप्पर, अक्षरं आतल्या अंगाला,
पावसानं झिजू नयेत म्हणून.
जन्मभर मी त्यांच्याखाली उताणी झोपले.
मला ती मुंग्यांची रांग वाटायची,
कधीच कुठं न पोचणारी.

सुगीच्या सुट्टीत एका रात्री
एक मुंगी 'म' झाली.

पहिल्या ओळीत बैलांचा दंड. दुसरीत
कुणाच्या तरी विहिरीचा वाद, निकाल तड्यात गेलेला.
तिसरीत, चुलीच्या बरोब्बर वर, काळ्याकुट्ट कौलावर:
सामान्य रयतेच्या शिक्षणासाठी
मलप्रभेच्या काठी विद्यापीठ
आणि तीन पिढ्यांमागचं साल.
आणि तड्याच्या टोकाला एक बोटवळ.

मी बाबाला उठवलं.
मष्णू कुंभार, ज्यानं ही अक्षरं हजारदा भाजली,
खाली उभा राहून मान वर करून बघत राहिला.
"काय लिव्हलंय गे?"
वाचलं.
"आता उघडली ती?"
तीच.
"हुकूम कुणाचा मग?"
हिच्या पणजीचा.
"आणि तडा कुणाचा?"

हे अजून शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, काढून नेते, गुरुजींना दाखवते.
"काढू नकोस. गळतंय तिथनं."
मग बराच वेळ चुलीतला निखारा नुसता फुटत होता.
आई कूस बदलून म्हणाली, इतकी वर्षं आमटी
त्याच्याखालीच उकळली, त्यानं एकदा तरी
खाली पडून सांगायचं.

बाबा अंगणात गेला. परत आला तेव्हा
हातात बांबू होता, टोकाला ओलं फडकं.
त्यानं चौथ्या ओळीची काजळी पुसायला घेतली.
थेंब त्याच्या तोंडावर पडत होते, काळे.
"हं," म्हणाला, "वाच."