एकोणीस रुपये

तावरे कॉलनीपासून अरण्येश्वरापर्यंत
दोनशे बारा घरं माझ्या वहीत.
होती तीनशे ऐंशी.
बाकीच्यांनी वायर गुंडाळून
गॅलरीच्या गजाला बांधून ठेवलीय,
मांडवावर सुकलेल्या पडवळासारखी.

पाच तारखेला मी बेल वाजवतो.
या महिन्यापासून एकोणीस रुपये जास्त,
एवढं एकच वाक्य घेऊन जिने चढतो.
का, ते सांगायला मला कुणी नेमलेलं नाही.
तरी सांगतो.

कुठल्याशा हॉटेलात, थंडगार खोलीत
लिलाव झाला म्हणे.
एकानं आकडा बोलला, दुसऱ्यानं त्यावर चढवला,
आणि पुढच्या पाच वर्षांत पडणाऱ्या
प्रत्येक चेंडूचा भाव ठरला.
आज शाळेच्या मैदानावर जो पोरगा
टाचेनं रनअप मोजतोय
त्याचाही एखादा चेंडू
त्यात विकला गेला असणार.
तो आकडा चॅनेलवाल्याकडून पॅकवाल्याकडे,
पॅकवाल्याकडून धायरीला आमच्या मालकाकडे,
मालकाकडून माझ्या वहीत,
आणि तुमच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत
रोडावून एकोणीस झाला.

मारण्यांचा प्रज्योत कबड्डी खेळतो, डावा चढाईपटू.
दारातूनच विचारतो,
आमच्या जिल्ह्याच्या मॅचेस का नाही लागत?
त्यांचे हक्क कुणी घेतले नाहीत, म्हटलं.
कितीला आहेत?
कुणी विचारलंच नाही रे.

तिसऱ्या मजल्यावर घारपुरेबाई.
टेलिफोन खात्यात
ट्रंककॉल जोडण्यात बत्तीस वर्षं गेलेल्या.
चष्मा कपाळावर, माझी पावती उजेडात धरलेली.
"मी क्रिकेट बघत नाही."
नका बघू, पण पॅकमध्ये आहे.
"मग पॅकमधून काढ."
काढलं तर बातम्या, मालिका, सकाळचं कीर्तन
सुटं सुटं घ्यावं लागेल. जास्त पडेल.
"म्हणजे मेथीच्या जुडीबरोबर भोपळा घ्यायचाच,
आणि भोपळा नको म्हटलं तर मेथी महाग?
मंडईत असं कुणी करून दाखवावं."
मी वहीत बघत राहिलो.
"आम्ही तीन मिनिटं जोडून दिली
तर तीन मिनिटांचे पैसे घ्यायचो.
न बोललेल्याचे कधी घेतले नाहीत."

आत गेल्या. नेहमीचे पैसे दिले, मोजून.
मग कॅलेंडरच्या पानाची एक पुडी,
आत नाणी, वर दोऱ्याची गाठ.
"हे एकोणीस वेगळे.
ज्याच्यासाठी घेतोस त्या बॅटवाल्याच्या हातात दे.
आणि पावती आण."

पुडी सोडवत नाही मी.
हिशेबात माझ्या खिशातले भरले,
ती शर्टाच्या वरच्या खिशात,
जिना उतरताना वाजते.

फायनलच्या रात्री, साडेदहाला,
त्याच इमारतीच्या गच्चीवरचा ॲम्प्लिफायर बसला.
ऐंशी फोन एकदम,
त्यातले दहा वहीत नसलेल्यांचे,
सवयीनं माझंच नाव आठवलं असेल.
मी टाकीला पाठ लावून,
दातात टॉर्च, हातात पक्कड.
तेवढ्यात तळजाईकडून ओरडा उठला,
मग पद्मावतीकडून,
मग अर्ध्या मिनिटानं मोबाइलवाल्या पोरांचा,
आधीच शिळा झालेला.
काय झालं कुणास ठाऊक.
अख्ख्या वस्तीत मी एकटाच
मॅच हातात धरून
न बघता उभा.

मागून चपलांचा आवाज.
घारपुरेबाई, अंगावर शाल.
काही न बोलता माझ्या दातातला टॉर्च काढून घेतला,
पदराला पुसला,
जोडावर नेमका धरला.
"ही पिन सैल आहे. आधी ती काढ."
काढली. खरंच सैल होती.

खाली कुठल्यातरी घरात
चित्र परत आलं असावं, टाळ्या वाजल्या.
बाई वाकून म्हणाल्या,
"पावती आणलीस?"

खिशातली पुडी वाजली.
म्हटलं, बाई,
उजेड जरा डावीकडे.