चौदा नंबरचा लाल

लुंडच्या रस्त्यांवर बीटाचे ट्रक चिखल सांडत जातात, त्या दिवसांत
तळघरात बारा तास उजेड, बारा तास अंधार.
वरचा सूर्य काय करतो, पिंजऱ्यांना देणंघेणं नाही.

वासराच्या गुडघ्यातलं कोलाजेन
तेलात घोटून शेपटीच्या मुळाशी टोचायचं.
एकविसाव्या दिवशी पुन्हा, विसर पडू नये म्हणून.
अंग आधी वासराला ओळखतं,
मग त्याला स्वतःतच वासरू दिसायला लागतं:
बोटाच्या पेरात, घोट्यात,
दोन हाडांमध्ये जिथे जिथे थोडा निसरडेपणा आहे
तिथे.

फातलुम पंजा उलटा करून पाहतो.
शून्य ते चार. चार पंजे, सोळापैकी.
औषध कुणाला, नुसतं मिठाचं पाणी कुणाला,
त्याला माहीत नाही; माहीत नसणं हीच त्याची नोकरी.
"उजवा मागचा, तीन."
सोल्वेग लिहिते.

मग ती जाळीवरचा खुराक खाली काढते,
भिजवून लापशी करते, भुशावर ठेवते बशीत.
ज्याला मागच्या पायांवर उभं राहवत नाही
त्याचं जेवण छताला टांगून काय उपयोग.
पाण्याची नळी लांब लावते.
हे सगळं नियमात आहे.
ती नियमापेक्षा जरा जास्त वेळ घेते.

चौदा नंबर सुजलाच नाही.
पंचविसावा दिवस, तिसावा, चाळिसावा:
शून्य शून्य शून्य शून्य.
जाळीला उलटा लटकून फिरायचा,
खाली बाकीचे पाठी वाकवून बसलेले.
रक्तात त्याच्याही तेच सापडलं, तितकंच.
सांध्यांनी मनावर घेतलं नाही, एवढंच.
यादी उघडली तेव्हा कळलं, मिठाचं पाणीच होतं त्याला.

"प्रतिसाद नाही" असा शेरा पडला
आणि तक्त्यातून तो वजा झाला.
बेचाळिसाव्या दिवसातून मात्र
कुणी वजा केलं नाही.

बाकीच्यांच्या कापांत सॅफ्रॅनिनचा लाल फिका पडलेला,
कूर्चेच्या कडा कुरतडलेल्या.
(कुरतडणं हा शब्द इथे वापरायला नको होता.)

चौदा नंबरचा लाल
या हाडापासून त्या हाडापर्यंत सलग,
कुठे टाका नाही, कुठे उसवण नाही.

"त्यात काय पाहतेस? काहीच झालेलं नाही," फातलुम म्हणाला.
"तेच पाहतेय."

ती काच
कुठल्या खोक्यात ठेवायची
ते अजून ठरलेलं नाही.