काटा नसेल तर

साकोलीच्या पुढं, राईस मिलच्या धरमकाट्यावर
सकाळपासून प्रत्येक ट्रक बारा हजार तीनशे चाळीस किलो.
भरलेला तेवढाच. रिकामा तेवढाच.
दुर्योधन लांजेवारांचा फोन:
"म्याडम, एक बकरी चढली जी काट्यावर,
तिचंबी बारा टनच येऊन रायलं."

आकडा माझा होता.
घरच्या लॅपटॉपला काटा जोडलेला नाही,
म्हणून चाचणीपुरतं एक खोटं वजन ठेवलेलं
आणि बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये दोन अटी:
काटा नसेल तर खोटं वजन आत घे,
नाहीतर खरं.

स्कूटीवर सोळा किलोमीटर.
केबिनमध्ये तुसाचा धुरळा, कीबोर्डच्या फटींतसुद्धा.
खिडकीच्या फळीवर खडूनं त्यांचं अक्षर:
पाऊस असन तं आधी शून्य.
धान ओला असन तं मालकाले विचाराचं.
ड्रायवर उतरला का पाहाचं.
उतरला नसन तं थांबाचं.

मी स्क्रिप्ट उघडली.
काट्याच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं.
चुकलेल्या नावाच्या पोटात काही नसतं.
ज्याच्याशी ते ताडायचं, तेही भरायचं राहिलेलं.
रिकामं बरोबर रिकामं.
मशीन म्हणालं, जुळतंय,
आणि बारा टन खोटेपणा
एकही इशारा न देता बांधून मोकळं झालं.

"पण सांगतलंच नाई, तं त्यानं ठरवलं कसं?"
न सांगणं हेच त्याला उत्तर वाटलं, मी म्हटलं.
लांजेवारांनी फळीकडं पाहिलं.
"मंग थांबाचं होतं ना जी."

तिसरी अट लिहिली:
काहीच सांगितलेलं नसेल तर थांब.
बिल्ड मोडू दे, लाल अक्षरांत नाव विचार.
पहिल्यांदा मोडला, माझ्याच लॅपटॉपवर.
दुसऱ्यांदा नाव दिलं, बांधला गेला.

बकरी पुन्हा आणली. वीस किलो.
"एवढी नसन," लांजेवार म्हणाले,
"हा दहादहानंच मोजते."
मग वहीत वीसच लिहिले.

घरी परतले तर ओसरीत नवं टेबल,
खुर्चीसकट, खिडकीकडं तोंड करून.
पुण्याला परत कधी, हे आईनं विचारलेलं नाही.
चैत्रापासून मीही सांगितलेलं नाही.
ती भात वाढत होती.
टेबलाचा एक पाय आखूड निघाला.
पर्समधून सकाळच्या पावत्या काढल्या,
बारा हजार तीनशे चाळीस, बारा हजार तीनशे चाळीस,
चार घड्या घालून खाली सरकवल्या.
हललं नाही.